पेन्सिलीची रजा

सरळ सांगतो. फोन मी उचलला होता.

एवढंच वाक्य. ते योग्य माणसासमोर बोलायला मला सव्वीस दिवस लागले, आणि त्या सव्वीस दिवसांत एका माणसाची सहा वर्षांची पोरगी त्याच्या हातून जायची वेळ आली.

मी पलटणीच्या ऑफिसात क्लार्क होतो. टायपिंग माझं मीच शिकलो, एका मोडक्या मशीनवर, बोटं सुजेपर्यंत. कायदाही तसाच. आरोपपत्रं टाइप करता करता त्यातली कलमं वाचायचो, मग त्या कलमांच्या मागची कलमं. बराकीत मला ‘वकीलसाहेब’ म्हणायचे. चिडवायला म्हणायचे, पण मला आवडायचं. खोटं कशाला बोलू.

पेन्सिलीची रजा म्हणजे काय ते आधी सांगतो. जवान रजेवर गेला आणि घरी काही अडलं की तो ऑफिसात फोन करतो, रजा वाढवून द्या. वाढवायचा अधिकार साहेबांचा. पण साहेब कधी मैदानावर, कधी मीटिंगला, आणि तिकडे माणूस फोन धरून ताटकळलेला. मग क्लार्क फोनच्या वहीत पेन्सिलीने लिहितो, ‘अमुक तारखेपर्यंत, मंजूर’, आणि त्याला सांगतो, राहा. दुसऱ्या दिवशी सह्यांच्या गठ्ठ्यात कागद सरकवायचा, साहेबांची सही झाली की पेन्सिलीवरून पेन फिरवायचं. झालं. वर्षानुवर्षं असंच चाललेलं. आमच्या हेडक्लार्कने मला हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं. म्हणाला, “सही साहेब करतात. मंजूर आपण करतो. फक्त हे त्यांना सांगायचं नसतं.”

बारा तारखेला दुपारी मौनीचा फोन आला.

मौनी म्हणजे आमचा ट्रक ड्रायव्हर. दिवसाला दहा शब्द बोलत असेल, त्यातले सहा ट्रकशी. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको आजारपणात गेली. तेव्हापासून मुलगी त्याच्या थोरल्या बहिणीकडे. आता बायकोच्या आईवडिलांनी फॅमिली कोर्टात दावा लावला होता की नात आमच्या ताब्यात द्या, बाप वर्षातले दहा महिने घराबाहेर असतो. त्या तारखेसाठी तो रजेवर गेला होता.

“जज आले नाहीत,” तो फोनवर म्हणाला. “वीस तारीख दिलीय. माझी रजा आज संपते.”

“मग राहा की.”

“साहेब?”

“साहेबांचं मी बघतो.”

“नक्की?”

“अरे लिहिलं पण. वीसपर्यंत, मंजूर. जा, पोरीला फिरवून आण.”

खरंच लिहिलं होतं. पेन्सिलीने.

तेरा तारखेला सकाळी ऑफिसात नवे कॅप्टन साहेब हजर. जुने साहेब रातोरात बदलून गेले होते. नव्यांनी सह्यांचा गठ्ठा पुढे ओढला आणि एकेक कागद वाचायला सुरुवात केली. आमच्या ऑफिसात कागद वाचणारा साहेब मी पहिल्यांदा बघितला. तिसऱ्या कागदावर ते थांबले. दुसऱ्याच कुणाच्या तरी वाढीव रजेचा होता तो.

“हा माणूस कालपासून घरी आहे. सही मी आज करणार. मग काल याला कुणी राहायला सांगितलं?”

हेडक्लार्क भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला.

“इथून पुढे माझ्या सहीआधी कुणाला रजा मिळाली, तर ती देणाऱ्याला मी कोठडीत घालीन. समजलं?”

मौनीचा कागद माझ्या हातात होता. मी तो गठ्ठ्याखाली सरकवला. म्हटलं, साहेबांचा राग उतरू दे, उद्या ठेवू. उद्या त्यांचा राग उतरला नाही. परवा युद्धसरावाचा हुकूम आला, सगळी पलटण सामान बांधायला लागली. मौनीने रजेच्या फॉर्मवर शेजाऱ्यांचा नंबर दिला होता. तिथे मी फोन लावला. कुणी उचलला नाही. किती वेळा लावला? एकदा. एकदाच लावला.

सोळा तारखेला हजेरीत त्याचा ट्रक बिनड्रायव्हरचा निघाला.

“याचा काही फोनबिन?” कॅप्टन साहेबांनी विचारलं.

“नाही साहेब,” मी म्हटलं.

विचार करून नाही बोललो. जीभ आपोआप वळली. पण त्यानंतर जे केलं ते विचार करून केलं. जेवणाच्या सुट्टीत ऑफिस रिकामं होतं. फोनची वही उघडली, ती ओळ रबराने खोडली, कागदावरचा भुगा फुंकून टाकला. मग मशीनवर बसलो आणि मौनीच्या गैरहजेरीचा रिपोर्ट टाइप केला. एकही चूक नाही. माझ्या टायपिंगचं सगळे कौतुक करायचे.

एकवीस तारखेला सकाळी मौनी गेटवर आला. हातात पिशवी, दाढी केलेली, वेळेच्या अर्धा तास आधी. गेटवरच त्याला पकडला.

एरवी आठ दिवसांच्या गैरहजेरीला एवढं कुणी मनावर घेत नाही. पण दोन वर्षांपूर्वी, बायको गेली तेव्हाही तो तीन दिवस उशिरा आला होता. ते रेकॉर्डवर होतं. त्यात आता पलटण सरावाला निघालेली असताना हा गायब. कॅप्टन साहेबांनी कोर्टमार्शल मागितलं. चालवणार कर्नल साहेब. शिक्षा तीन महिने कोठडीपर्यंत जाऊ शकते, नोकरीही जाऊ शकते.

आमच्याकडे अशा खटल्यात आरोपीला वकील नसतो. पलटणीतला एक माणूस तो ‘मित्र’ म्हणून मागू शकतो. मित्र त्याच्या शेजारी खुर्चीवर बसतो, कानात सांगू शकतो, चिठ्ठी देऊ शकतो. पण कोर्टाशी एक अक्षर बोलू शकत नाही. विचारायचं, सांगायचं ते आरोपीनेच.

मौनीने माझं नाव दिलं.

हेडक्लार्कने तो कागद वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. त्याला सगळं ठाऊक होतं. बारा तारखेला तो शेजारच्या टेबलावरच होता.

“उंदराला मांजर साक्ष,” तो हळूच म्हणाला. “नाही म्हण. तब्येतीचं कारण सांग.”

“नाही म्हटलं तर तो बोलेल.”

“आणि हो म्हटलंस तर?”

मी हो म्हटलं.

*

मौनीला गार्डरूमच्या मागच्या खोलीत ठेवला होता. एक लोखंडी खाट, एक स्टूल, उंच खिडकी. मी कायद्याचं पुस्तक घेऊन जायचो. तो खाटेवर, मी स्टुलावर. बाहेर पहाऱ्यावरचा जवान बूट घासत उभा.

पहिल्या दिवशी मी पुस्तक उघडलं, बंद केलं, परत उघडलं. वाटत होतं की आता म्हणेल, तू मला राहा म्हणालास. आता म्हणेल. तो बोलला ते वेगळंच.

“वीस तारखेला जज विचारत होते, तुम्ही बाप म्हणून बरे आहात, पण मुलगी राहणार कुठे आणि तुम्ही असणार कुठे.”

“मग?”

“मी म्हटलं क्वार्टर मिळालंय. दोन खोल्या. ताई येऊन राहील. त्यांनी पलटणीचं पत्र मागितलं. पुढची तारीख दहा.”

“सासू-सासरे काय म्हणतात?”

“वाईट नाहीत ते. लेकीची आठवण म्हणून मागतात. पण एकदा नेली की मला भेटू देणार नाहीत.”

फोनचा विषय नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय असतं, मला तेव्हा कळलं. त्याने माझ्याकडे नुसतं बघितलं तरी वाटायचं, झालं. मग मीच विषय काढला, पण कसा, ते ऐका.

“हे बघ,” मी म्हटलं, “तू गुन्हा कबूल कर.”

त्याने मान वर केली.

“कबूल केलंस की साक्षीदार नाहीत, उलटतपासणी नाही. अर्ध्या तासात काम खलास. कर्नल साहेब कबूल करणाऱ्याला सांभाळून घेतात. चौदा दिवस कोठडी, फार तर वर्षभर बढती बंद. दहा तारखेच्या कोर्टाची परवानगी मी काढून देतो.”

यातला शब्द न् शब्द बरोबर होता. हेडक्लार्कनेही हेच सांगितलं असतं. फक्त एक गोष्ट मी बोललो नाही. साक्षीदार नाहीत म्हणजे फोनची वही कुणी उघडणार नाही.

“तू म्हणतोस ना,” मौनी म्हणाला.

“हो.”

“बरं.”

त्या रात्री मला झोप बरी लागली. हेही सांगून टाकतो.

*

मंगळवारी खटला होता. सोमवारी दुपारी ताई आली, मौनीची थोरली बहीण. गेटजवळच्या भेटीच्या खोलीत बसली होती, मांडीवर प्लॅस्टिकची फाइल घट्ट धरून. मौनीला भेटून झालं होतं. आता तिला मी हवा होतो.

“तुम्हीच का ते वकीलसाहेब?”

“क्लार्क आहे मी, ताई. आणि अहो-जाहो नको.”

“बरं. मग तूच सांग. माझा भाऊ म्हणतो, उद्या कबूल करणार. हे डोकं कुणाचं?”

“त्यात त्याचाच फायदा...”

“फायदा तू मला शिकवू नकोस. मी आत्ता फॅमिली कोर्टातल्या आमच्या वकीलबाईंकडून आलेय.” तिने फाइल उघडली आणि परत बंद केली, काहीही न काढता. “त्या म्हणाल्या, पलीकडचा वकील एकाच कागदाची वाट बघतोय. शिक्षा झाली हा कागद. एक दिवसाची झाली तरी पुरे. क्वार्टर रद्द होतं ना, शिक्षा झाली की?”

मी ते विसरलो नव्हतो. कलम मला तोंडपाठ होतं. मी त्याच्याकडे बघायचं टाळत होतो एवढंच.

“होतं,” मी म्हटलं.

“म्हणजे क्वार्टर नाही, वर शिक्षा. मग जज काय माझ्या तोंडाकडे बघून पोर देतील?”

मी तिच्या मांडीवरच्या फाइलकडे बघितलं.

“माझा भाऊ लहानपणापासून असा. मारलं तरी ओरडायचा नाही. आई म्हणायची, याच्या तोंडात मिठाची गुळणी आहे. पण खोटं कधी बोलला नाही तो. त्या दिवशी कोर्टातून बाहेर आला, माझ्यासमोर फोन केला, फोन ठेवला आणि हसला. हसला, कळतंय? म्हणाला, ताई, मंजूर झाली.” ती पुढे वाकली. “कोण होतं रे फोनवर?”

“त्याने सांगितलं नाही?”

“मी चार वेळा विचारलं. म्हणतो, ऑफिस.”

खोलीत पंखा फिरत होता आणि माझ्या शर्टाची पाठ ओली होत होती. तिथे सांगून टाकता आलं असतं. कुणीही नव्हतं, एक बाई आणि एक फाइल. मी म्हटलं, “बघतो मी.”

“बघतो, बघतो,” ती उठली. “सगळे बघतच असतात. पोर दारात बसून बघते, बाबा कधी येतो. तू तरी काहीतरी कर.”

*

मंगळवार, सकाळी दहा. कर्नल साहेबांच्या ऑफिसातलं मोठं टेबल मध्ये ओढलेलं. टेबलावर हिरवं कापड, कायद्याचं पुस्तक, फायली. कर्नल साहेब मधोमध. बाजूला दोन अधिकारी, नियमाप्रमाणे नुसते हजर राहायला. कॅप्टन साहेब डावीकडे, त्यांच्यासमोर ऑफिसच्या वह्यांचा ढीग. फोनची वही त्यात सर्वांत खाली. हेडक्लार्क लिहून घ्यायला कोपऱ्यात.

मौनी टेबलासमोर, टोपी नाही, पट्टा नाही. त्याच्या शेजारी माझी खुर्ची.

रात्रभर जागून मी एक चिठ्ठी लिहिली होती. ‘नाकबूल म्हण. मला साक्षीला बोलव.’ आत जाताना ती त्याच्या हातात कोंबली. त्याने ती उघडली, वाचली, चार घड्या केल्या, खिशात टाकली. चेहऱ्यावरून काही कळेना.

कर्नल साहेबांनी आरोप वाचला. मीच टाइप केलेला. मग मान वर केली.

“कबूल की नाकबूल?”

“कबूल,” मौनी म्हणाला.

मी त्याच्या कानाशी झुकलो. “चिठ्ठी वाचलीस ना? नाकबूल म्हण.”

त्याने मान हलवली नाही.

कर्नल साहेबांनी लगेच पुढे लिहिलं नाही. कायद्याने त्यांना समजावून सांगावं लागतं. “कबूल म्हणजे काय, कळतंय ना? म्हणजे रजा वाढलेली नाही हे तुला माहीत होतं, तरी तू राहिलास. असंच ना?”

मौनी उभा.

“हो की नाही?”

“साहेब, मी फोन केला होता.”

हेडक्लार्कचं पेन थांबलं.

“कुणाला?”

“ऑफिसला. बारा तारखेला.”

“वहीत तशी नोंद नाही, साहेब,” कॅप्टन साहेब म्हणाले. “मी स्वतः तपासलंय. त्या वेळी क्लार्कलाही विचारलं होतं.”

“फोनवर कोण होतं?” कर्नल साहेबांनी मौनीला विचारलं.

मौनी समोरच्या भिंतीकडे बघत होता. मी त्याच्या हनुवटीकडे. तिथे एक शीर उडत होती.

“नाव सांग.”

“ज्याने उचलला त्याने सांगावं, साहेब.”

“हे कोर्ट आहे. कोडी घालू नकोस. नाव माहीत आहे का नाही?”

“आहे.”

“मग?”

“मी सांगितलं तर शिक्षा टाळायला कुणाचंही नाव घेतो म्हणतील. वहीत तर नाही.”

कर्नल साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांचा धीर संपत आलेला दिसत होता. “मग तुझ्या बोलण्याला अर्थ नाही. शेवटचं विचारतो. तुझी कबुली कायम?”

कोपऱ्यातून हेडक्लार्क माझ्याकडे बघत होता. मान डावीकडून उजवीकडे, अगदी बारीक. नको. गप्प बस. अर्ध्या मिनिटात संपेल सगळं.

मौनीने श्वास घेतला. उत्तर देणार होता.

मी उठलो. खुर्ची एवढी वाजली की सगळ्यांनी बघितलं.

“बस खाली,” कर्नल साहेब म्हणाले. “मित्राने कोर्टाशी बोलायचं नसतं. तुला कायदा येतो म्हणतात ना?”

“येतो साहेब. मित्र म्हणून नाही बोलत.” “फोन मी उचलला होता.”

बाहेर मैदानावर कुणीतरी कवायतीचे आकडे मोजत होतं.

“त्याच्या शेजारून बाजूला हो,” कर्नल साहेब शेवटी म्हणाले. “साक्षीदार आणि मित्र एकाच वेळी होता येत नाही. तिकडे उभा राहा.” मग हेडक्लार्कला, “लिही. आरोपीचं म्हणणं कबुलीशी जुळत नाही. कबुली रद्द, नाकबूल समजून पुढे.”

मला शपथ दिली. मी टेबलाच्या उजव्या टोकाला. तिथून मौनीचा चेहरा दिसत होता. शेजारून कधी दिसला नव्हता इतका.

“सांग.”

सांगितलं. जसं वर लिहिलंय तसंच, फक्त तुटक.

“पुरावा?” कॅप्टन साहेबांनी विचारलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता. “वही कोरी आहे.”

“कोरी नाही साहेब. बारा तारखेचं पान, खालून तिसरी ओळ. खोडलीय. पेन्सिल मी दाबून लिहितो. उजेडात तिरकी धरा.”

कर्नल साहेबांनी ढिगातून वही ओढली. खिडकीशी गेले. पान डोळ्यांपाशी नेलं, लांब धरलं, तिरकं केलं. चष्मा काढला, परत लावला. बराच वेळ. मला वाटलं, नाही दिसत. मी एवढं नीट खोडलं होतं की नाहीच दिसणार. इतक्या वर्षांत मी रबराने कधी अर्धवट खोडलं नव्हतं.

“वीसपर्यंत,” कर्नल साहेबांनी हळू वाचलं. “मंजूर.”

ते वळले. “मंजूर कुणी केली?”

“मी, साहेब.”

“तू?”

“पेन्सिलीने, साहेब.”

बाजूचा एक अधिकारी खोकला. हसू दाबत होता की काय, देव जाणे.

“हेडक्लार्क. ही पेन्सिलीची मंजुरी काय भानगड आहे?”

“ऐकून आहे, साहेब,” हेडक्लार्क म्हणाला.

“ऐकून?”

“...थोडीफार पद्धत आहे, साहेब.”

“आणि हे खोडलं कुणी?”

“मीच,” मी म्हटलं. “सोळा तारखेला.”

“मी तुला त्याच दिवशी विचारलं होतं,” कॅप्टन साहेब म्हणाले.

“हो साहेब. मी खोटं बोललो.”

“का?”

काय सांगणार. “तुम्हाला घाबरलो, साहेब.”

त्यांनी आणखी चिडायला हवं होतं, पण ते समोरच्या आरोपपत्राकडे बघत राहिले, जणू ते आत्ताच वाचताहेत.

अकरा वाजून दहा मिनिटांनी कर्नल साहेबांनी निकाल सांगितला. ऑफिसकडून परवानगी मिळाली असं समजून जवान थांबला, तसं समजायला त्याला कारण होतं, निर्दोष. मौनीने सलाम ठोकला. टोपी नसताना सलाम करत नाहीत, तो विसरला. कुणी त्याला बोललं नाही.

“आणि तू,” कर्नल साहेब मला म्हणाले. “टोपी काढ. पट्टा काढ.”

*

व्हरांड्यात मला पहाऱ्यात उभं केलं होतं. ऑफिसातून हेडक्लार्कच्या टायपिंगचा आवाज येत होता, दोन बोटांनी, एक टक, मग लांब शांतता, मग एक टक. फॅमिली कोर्टाला द्यायचं पत्र. क्वार्टर कायम, बदली तीन वर्षं नाही. मी पाच मिनिटांत केलं असतं. मला आत जायची बंदी होती.

मौनी दाराशी पत्राची वाट बघत उभा होता. पहाऱ्यावरच्याने तोंड दुसरीकडे केलं.

“कबूल का म्हणालास?” मी विचारलं. “चिठ्ठी दिली होती ना.”

“तुझी चिठ्ठीही पेन्सिलीचीच.”

मी खाली बघितलं.

“मला मित्र म्हणून कशाला घेतलंस मग? पहिल्या दिवशीच माझं नाव सांगायचंस.”

“वहीत नव्हतं. माझं कोण ऐकणार?” तो थांबला. एवढं बोलायची सवय नव्हती त्याला. “लांब राहिला असतास तर तुला झोप लागली असती. म्हटलं, शेजारी बसव.”

“आणि मी उठलो नसतो तर?”

आतून हेडक्लार्कने हाक मारली आणि तो गेला.

माझा खटला बुधवारी झाला. चार मिनिटं. कबूल, साहेब. अठ्ठावीस दिवस लाईनबंदी, म्हणजे पलटणीच्या आवाराबाहेर पाऊल नाही, सक्तीचं काम, दंडावरची पट्टी गेली, ऑफिस गेलं. पेन्सिलीची रजा त्या दिवसापासून बंद झाली. बराकीत आता मला वकीलसाहेब कुणी म्हणत नाही. तक्रार नाही.

*

दहा तारखेला, शुक्रवारी, फॅमिली कोर्टात काय झालं ते मला रविवारपर्यंत कळलं नाही. विचारायचं कुणाला? सक्तीचं काम म्हणून मला क्वार्टरांच्या भिंती चुन्याने रंगवायला लावलं होतं. शनिवारी दोन झाली, रविवारी तिसरं. मी शिडीवर होतो. दार उघडलं आणि ताई आत आली. मागोमाग एक मुलगी, हातात चपला धरून, फरशी ओली होती म्हणून.

कुणाचं क्वार्टर आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

ताईने मला ओळखलं. मी शिडीवरून उतरलो.

“ताई...”

“आधी आम्हाला चुना लावलास,” ती म्हणाली. “आता भिंतीला लाव.”

मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती. “हे कोण?”

“हा रंगारी.”

“चांगला आहे?”

“ते भिंत वाळल्यावर कळेल.” ताईने पदर खोचला, खिडकी उघडली, खोली न्याहाळली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “कोर्टाने ही आम्हाला तीन महिन्यांसाठी दिलीय. मग परत जज बघणार, पोर खुश आहे का, बाप घरी असतो का. दर रविवारी आजी-आजोबांना भेटवायचं. आज दुपारी येतील ते.”

“बरं झालं.”

“बरं झालं म्हणू नकोस. भावाला कोठडीत घातल्याचं कळलं ना, त्या रात्रीपासून ही उशाशी चपला घेऊन झोपते. कुणी न्यायला आलं तर पळता यावं म्हणून. अजून सोडलेल्या नाहीत हातातून. हे तुला माहीत असू दे.”

मी मुलीच्या हाताकडे बघितलं. माफी मागायला तोंड उघडलं तर तिने हातानेच थांबवलं.

“वरचा पट्टा सुटलाय तिकडे. परत मार.”

मी शिडी सरकवली. तेवढ्यात बाहेर काहीतरी दाराला आपटलं. मौनी. खांद्यावर एक छोटी खाट, लाकडी, कुणाकडून तरी आणलेली. दारातून आत येईना. त्याने ती आडवी केली, उभी केली, पाय चौकटीत अडकले. ताई ओरडली, चुना निघेल भिंतीचा. त्याने मला बघितलं. शिडीवर, हातात कुंचला, टोपीशिवाय.

त्याने खाट उंबऱ्यावर टेकवली.

“धर,” तो म्हणाला.

मी कुंचला बादलीत ठेवला, हात शर्टाला पुसले आणि खाटेचं दुसरं टोक धरलं. आधी त्याची बाजू आत घेतली, मग माझी.